‘सी’ की ‘एस’?

नोकरीचा अर्ज असो वा साहेबांना पाठवायचं ईमेल, ‘ॲडव्हाइस’ लिहिताना पुष्कळांचा हात थबकतो. नामाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’ हे शाळेत घोकलेलं असतं, तरी ऐन वेळी दगा देतं. कारण आपण ते स्पेलिंग म्हणून शिकतो. ही जोडी मुळात कानाची आहे. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, सल्ला देणं म्हणजे ‘ॲडव्हाइझ’. गळ्यावर बोट ठेवा आणि शेवटचा वर्ण लांबवून म्हणा. पहिल्यात गळा शांत राहतो, दुसऱ्यात थरथरतो.

या थरथरीला मोठा इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधे सापडलेले ‘स’, ‘फ’, ‘थ’ घोष होत. क्रियापदांना शेवटी स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागे, म्हणून तिथे हे वर्ण हटकून मधे सापडत. पुढे प्रत्यय झडले, घोष मात्र टिकला. त्यातूनच घर ते ‘हाउस’ आणि आसरा देणं ते ‘हाउझ’, श्वास तो ‘ब्रेथ’ आणि श्वास घेणं ते ‘ब्रीद’. ‘ॲडव्हाइस’ फ्रेंचमधून आला, पण तोही याच वळणाचा. ‘प्रूफ’ आणि ‘प्रूव्ह’ही तसेच. मराठी वर्णमालेत ‘स’ला घोष जोडीदार नाही, ‘जहाज’मधला ‘ज’ काय तो जवळपास जातो. म्हणून आपल्या तोंडी दोन्ही शब्द सारखेच होतात आणि स्पेलिंगचा आधार सुटतो. वर्गात या जोड्या फळ्यावर लिहिण्याआधी मोठ्याने म्हणून घ्यायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’पुढे मात्र कानाचा इलाज चालत नाही. उच्चार एकच, फरक फक्त कागदावर. ब्रिटिश वळणात नाम ‘सी’ने, क्रियापद ‘एस’ने. आपले कायदे याच वळणाचे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं लायसन्स ‘सी’ने लिहिलंय, तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये वकिलांना प्रॅक्टिस करण्याचा जो हक्क दिलाय तो ‘एस’ने. अमेरिकेत नोहा वेब्स्टरने १८२८ च्या कोशात ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे ‘सी’नेच लिहिला, ‘नोटिस’ नाम आणि क्रियापद म्हणून एकसारखा लिहितात, मग इथे भेद कशाला, हा त्याचा युक्तिवाद. ‘लायसन्स’ तिकडे दोन्हीकडे ‘एस’ने. संगणकाची भाषा अमेरिकन ठेवली असेल, तर आरटीओचं अगदी बरोबर स्पेलिंगही तो लाल रेघेने अधोरेखित करतो. तेव्हा आधी सेटिंग बघा, मग स्वतःवर शंका घ्या.

काही जोड्यांत अक्षरं तीच राहतात, आघात तेवढा सरकतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर ‘रे’वर, क्रियापद असेल तर ‘कॉर्ड’वर. पीटर लेव्हिन्सच्या १५७० च्या कोशात अशा जोड्या मोजून तीन सापडतात: ‘रेकॉर्ड’, ‘रिबेल’ आणि ‘आउटलॉ’. आज त्या शेकड्याच्या वर आहेत.

सगळ्यांत चकवणारी जोडी ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. बहुतेक वेळा परिणाम करणं म्हणजे ‘अफेक्ट’ आणि झालेला परिणाम म्हणजे ‘इफेक्ट’. पण एखादा बदल घडवून आणायचा असेल तर ‘इफेक्ट’ क्रियापद होतो. उलट मानसशास्त्रात ‘ए’ने सुरू होणारा शब्द नाम म्हणून येतो, त्याचा अर्थ चेहऱ्यावर, वागण्यात दिसणारी भावना; आणि तिथेही आघात सुरुवातीला सरकतो, उच्चार होतो ‘ॲफेक्ट’.