नंबराच्या चिठ्ठीमागची गृहीतके

डोळ्यात शिरणारा प्रकाश दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागील आतल्या बाजूस असलेल्या प्रकाशसंवेदी पडद्यावर, एकवटण्यासाठी सुमारे ६० डायॉप्टर इतकी शक्ती लागते आणि तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा डोळ्याच्या अगदी दर्शनी भागातील पारदर्शक पारपटलाचा, म्हणजेच कॉर्नियाचा असतो. डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे एकक असून भिंगाचे नाभीय अंतर मीटरमध्ये मोजून त्याचा व्यस्तांक घेतला की ते मिळते. १ मीटरवर प्रकाश एकवटणारे भिंग १ डायॉप्टरचे, तर अर्ध्या मीटरवर एकवटणारे २ डायॉप्टरचे. उरलेली शक्ती डोळ्याच्या आतील नैसर्गिक भिंगाची असते आणि ती गरजेनुसार कमीजास्त होते. आज नेत्ररुग्णालयात हनुवटी टेकवून बसलेल्या पेशंटच्या हाती काही सेकंदांत जी छापील चिठ्ठी पडते, तिच्यावर बहुधा दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात: संपूर्ण डोळ्याला किती नंबर आहे आणि पारपटलाची वक्रता किती आहे. ही उत्तरे ज्या गृहीतकांवर उभी असतात, ती मात्र चिठ्ठीवर छापलेली नसतात.

या दोन्ही मापनांचे मूळ एकाच अभ्यासकापर्यंत नेता येते. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइट धर्मगुरूने १६१९ मध्ये इन्सब्रुक येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की डोळ्यापुढे दोन बारीक छिद्रे असलेला पुठ्ठा धरून एखाद्या बिंदूकडे पाहिले असता, डोळ्याची नाभी त्या अंतरावर जुळलेली असेल तरच तो एक दिसतो, एरवी दोन दिसतात. पारपटलाची वक्रता अजमावण्याची त्याची रीतही तितकीच साधी होती: खिडकीचे प्रतिबिंब डोळ्यावर केवढे पडते ते पाहायचे आणि तेवढेच प्रतिबिंब देणारा काचेचा गोळा शोधायचा. पुढे आलेल्या स्वयंचलित यंत्रांपैकी कित्येकांनी दोन छिद्रांचे तत्त्व उचलले आणि पारपटलाकडे आरसा म्हणून पाहण्याची दृष्टी तर आजच्या बहुतेक वक्रतामापकांत कायम आहे.

ऑटोरिफ्रॅक्टर, म्हणजे आपोआप नंबर काढणारे यंत्र, डोळ्यात जवळच्या अवरक्त पट्ट्यातील प्रकाश सोडते. हा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसतच नसल्यामुळे बाहुली आकसत नाही आणि पेशंट दिपत नाही. अनेक यंत्रांत दृष्टिपटलावर प्रकाशाचे कडे टाकले जाते आणि परतणाऱ्या कड्याचा आकार संवेदकावर टिपला जातो. कडे अपेक्षेपेक्षा लहान-मोठे झाले तर साधा मायनस किंवा प्लस नंबर असतो आणि ते लंबगोल झाले तर दृष्टिवैषम्य, ज्याला दवाखान्यात सिलिंडरचा नंबर म्हणतात. या मापनाचे गृहीतक असे, की पेशंट दूर पाहत आहे आणि त्याच्या डोळ्यातील भिंग सैल आहे. म्हणूनच यंत्रात दूरच्या रस्त्याचे किंवा आकाशात तरंगणाऱ्या फुग्याचे चित्र दाखवून ते मुद्दाम धूसर केले जाते, जेणेकरून भिंगाने ताण सोडावा. तरीही यंत्राची पेटी चेहऱ्याजवळ आहे ही जाणीव पुसली जात नाही. लहान मुलांच्या भिंगात ताण घेण्याची क्षमता मोठी असल्यामुळे त्यांचा मायनस नंबर यंत्रावर वाढून येतो आणि प्लस नंबर झाकला जातो. अशा वेळी सायक्लोपेंटोलेट किंवा अ‍ॅट्रोपिनसारखे औषध घालून भिंगाचे स्नायू शिथिल केल्याशिवाय आणि शक्यतो रेटिनोस्कोपने, म्हणजे प्रकाशाची पट्टी डोळ्यावर फिरवून बाहुलीतील लाल झाक कोणत्या दिशेने सरकते ते पाहून, पडताळा घेतल्याशिवाय मुलाच्या हाती चष्म्याचा कागद देणे हा निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे. रेटिनोस्कोपीला वेळ लागतो आणि सरावाचा हात लागतो, परंतु यंत्र आल्यामुळे ते कौशल्य मागे पडावे, असे काहीही या यंत्रात नाही.

चिठ्ठीचा दुसरा भाग केरॅटोमीटरचा, म्हणजे पारपटलाच्या वक्रतामापकाचा असतो. १८८१ मध्ये फ्रान्सचे झावाल आणि नॉर्वेचे श्योट्झ यांनी बनवलेल्या यंत्रात एक लाल चौकोन आणि एक हिरवी पायऱ्यांची आकृती पारपटलावर प्रतिबिंबित होई. दोन्ही प्रतिबिंबे कडेला कड लागेपर्यंत सरकवायची, मग यंत्र ९० अंशांनी फिरवून पाहायचे आणि चौकोन जितक्या पायऱ्यांवर चढला असेल तितके डायॉप्टर दृष्टिवैषम्य मोजायचे. स्वयंचलित यंत्र हेच काम अवरक्त दिव्यांच्या प्रतिबिंबांवरून क्षणात करते. मात्र वास्तविक मोजली जाते ती पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या, शक्ती नव्हे, ३३७.५ ला मिलिमीटरमधील त्रिज्येने भागून शक्ती काढली जाते, म्हणजे ७.५ मिलिमीटरला ४५ डायॉप्टर येतात. या अंकात पारपटलाच्या मागच्या पृष्ठभागाचे पुढच्याशी असलेले नेहमीचे प्रमाण गृहीत धरलेले आहे, शिवाय माप मध्यभागातील सुमारे ३ मिलिमीटरच्या पट्ट्यावरूनच घेतले जाते.

या गृहीतकाची किंमत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कळते. १९८० च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी मांडलेल्या सूत्रात, बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ठरवताना भिंगाच्या स्थिरांकातून डोळ्याच्या लांबीची २.५ पट आणि पारपटलाच्या शक्तीची ०.९ पट वजा होते, स्थिरांक ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर आणि शक्ती ४४ डायॉप्टर असेल तर सुमारे २० डायॉप्टरचे भिंग येते. आता सूत्रे पुष्कळ सुधारली असली तरी संबंध तोच आहे: वक्रतामापनातील १ डायॉप्टरची चूक जवळजवळ तेवढीच्या तेवढी चष्म्यात उतरते. ज्यांनी तरुणपणी मायनस नंबरासाठी लेसिक, म्हणजे लेसरने पारपटलाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली आहे त्यांच्या पारपटलाचा पुढचा पृष्ठभाग सपाट झालेला असतो, मागचा तसाच राहतो, ३३७.५ मागचे प्रमाण मोडते, शक्ती खरीपेक्षा जास्त भासते, कमी शक्तीचे भिंग निवडले जाते आणि शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षित प्लस नंबर उरतो. म्हणून लेसिकपूर्वीच्या मापांचे कागद पेशंटने जन्मभर जपून ठेवावेत.

मध्यभागाबाहेरचे पारपटल पाहण्याचा मार्ग पोर्तुगालमधील पोर्तू येथील नेत्रवैद्य अंतोनियु प्लासिदु यांनी १८८० च्या सुमारास काढला. काळ्या-पांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची तबकडी डोळ्यापुढे धरून तिच्या मधल्या भोकातून पाहिले, की जिथे वर्तुळांचे प्रतिबिंब दाटते तिथे उतार तीव्र आणि जिथे ते विरळ होते तिथे पृष्ठभाग सपाट असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन क्लाइस यांनी संगणकाच्या साह्याने या वर्तुळांचा रंगीत नकाशा केला: तीव्र भाग लाल, सपाट भाग निळा. हा नकाशा वाचताना रंगांआधी शेजारची मोजपट्टी वाचावी लागते, कारण मोजपट्टीची पायरी बदलली की तोच डोळा निरोगीही दिसू शकतो आणि आजारीही. अश्रूंचा थर विस्कळीत असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स नुकतीच काढली असेल तरीही नकाशा फसवतो. मागच्या पृष्ठभागासाठी शाइम्पफ्लुगचे तत्त्व कामी आले, जे ऑस्ट्रियन सैन्यातील या कप्तानाने विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांतील विकृती सुधारण्यासाठी विकसित केले होते. वेट्झलार येथील ऑक्युलस कंपनीच्या पेंटाकॅममध्ये फिरता कॅमेरा सुमारे २ सेकंदांत पारपटलाचे उभे छेद टिपतो आणि त्यांतून पुढचा व मागचा आकार तसेच ठिकठिकाणची जाडी मिळते.

या यंत्रांचे सर्वांत मोठे काम केरॅटोकोनस ओळखण्याचे आहे. या विकारात, बहुधा पौगंडावस्थेपासून, पारपटल पातळ होत शंकूसारखे पुढे येते आणि डोळे सतत चोळण्याची सवय त्याला हातभार लावते. महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटमधील डॉक्टरांनी जर्मन सहकाऱ्यांसह ग्रामीण भागात ३० वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली आणि २००९ मध्ये केरॅटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के असल्याचे प्रसिद्ध केले, तर अमेरिकेतील मिनेसोटाच्या १९८६ च्या प्रसिद्ध अभ्यासात ते लाखात सुमारे ५४ इतकेच होते. निकष मात्र एकच होता: पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा अधिक. ठेंगण्या बांध्याच्या, लहान डोळ्यांच्या माणसाचे निरोगी पारपटलही बरेच वक्र असू शकते, तर सुरुवातीचा शंकू बहुधा मध्याच्या खाली असल्याने केवळ मध्यभागीच्या मापातून निसटतो. म्हणजे हा निकष दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. तरीही या पाहणीने ग्रामीण महाराष्ट्रातील प्रश्नाकडे लक्ष वेधले, हे तिचे श्रेय मोठे आहे. पारपटलाचा पूर्ण आकार मोजणारी तशीच पाहणी गावपातळीवर होणे आवश्यक आहे.

ही निकड उपचारामुळे वाढली आहे. ड्रेस्डेन येथील वोलेन्साक, स्पोर्ल आणि झायलर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या क्रॉसलिंकिंगमध्ये पारपटलाला रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब देऊन त्यावर अतिनील किरण सोडले जातात, ज्यामुळे त्यातील तंतूंचे बंध घट्ट होतात. विकार बहुधा तिथेच थांबतो, पण गेलेला आकार पुरता परत येत नाही. आकारदर्शक यंत्र तालुक्याच्या गावी नसले तरी ऑटोरिफ्रॅक्टर आता तिथे पोहोचला आहे आणि त्यावर वक्रतेचे आकडेही येतात. शाळकरी मुलाचा सिलिंडरचा नंबर दरवर्षी बदलत असेल, दोन डोळ्यांच्या वक्रतेत ठळक फरक पडत असेल, आकडा ४७-४८ च्या पुढे सरकत असेल किंवा यंत्र वारंवार त्रुटीची खूण देत असेल, तर चष्मा बदलून देण्याऐवजी त्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पारपटलाच्या नकाशासाठी पाठवावे, आणि मागील दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्याही त्याच्याबरोबर द्याव्यात.