मोठ्या माशांची टाकी : फिल्टर आणि पंप घेताना

दुकानात किंवा दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी ठेवण्याची हौस आपल्या व्यापारी बंधूंत बरीच आहे. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न आवडीने घेतले जातात. घेताना मासा बोटभर असतो. पुढे ऑस्कर फूटभर होतो आणि रुपेरी अरोवाना तीन फुटांच्या आसपास जातो, याचा विचार कोणी करत नाही. काचेवर व दिव्यांवर पैसा सढळ हाताने जातो आणि काटकसर होते ती फिल्टरवर. आमचेही तेच झाले. आमच्या कापडाच्या दुकानातील टाकीत दोन ऑस्कर होते. दोन्ही एकाच आठवड्यात गेले, आणि पाणी तर आरशासारखे स्वच्छ होते!

कारण नंतर उमजले. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही सुट्टीच्या दिवशी सगळा फिल्टर नळाखाली धुऊन लख्ख केला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि घासण्याने ती वस्ती उजाड झाली. तात्पर्य, फिल्टर धुवावा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि एका वेळी अर्धाच.

फिल्टरमध्ये पाणी आधी स्पंज किंवा वॅडिंगमधून गाळले जावे, मगच सिरॅमिक रिंग वगैरे जिवाणूंच्या घरात जावे. क्रम उलटा झाला तर गाळ रिंगांत बसतो. वॅडिंगबाबत कापडवाले म्हणून एक सांगतो. ते शुद्ध पॉलिएस्टरचे घ्यावे. रजईचे स्वस्त वॅडिंग पुष्कळदा रसायन मारून चिकटवलेले असते, ते टाळावे. कापूस तर नकोच, तो पाण्यात कुजतो.

आता आकाराचा हिशेब. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी म्हणजे 24 घनफूट, सुमारे 680 लिटर पाणी. नुसत्या पाण्याचेच वजन 680 किलो, तेव्हा स्टँड आणि जमीन आधी पाहावी. मोठ्या माशांसाठी तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिल्टरमधून जावे असा ठोकताळा आहे, म्हणजे सुमारे 4000 लिटर. पण पंपावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. थानावर छापलेले मीटर आणि आपण गज लावून मोजलेले मीटर यांत फरक पडतो, तसेच हे आहे. सबब पंप जोडल्यावर परतीच्या नळीखाली 20 लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते पाहा. 72,000 ला त्या सेकंदांनी भागले की तासाचे लिटर निघतात. 18 सेकंदांत भरली तर 4000 लिटर. महिन्याभराने पुन्हा मोजा. आकडा घसरला असेल तर गाळ साचला असे समजा.

फिल्टरमधून भरपूर पाणी जाणे वेगळे आणि माशाच्या अंगावर जोराची धार येणे वेगळे. ऑस्कर आणि अरोवाना दक्षिण अमेरिकेतील संथ पाण्याचे मासे. सतत धारेशी झुंजावे लागले तर ते दमतात, खाणे सोडतात. भोके पाडलेल्या आडव्या नळीने पाणी पसरून सोडावे. पृष्ठभाग मात्र हलता हवा, कारण प्राणवायू तिथूनच मिसळतो आणि उन्हाळ्यात कोमट पाण्यात तो कमी मावतो. महसीरसारखे वाहत्या नदीचे मासे असतील तरच जोराचा प्रवाह द्यावा.

एवढ्या टाकीला बरा पर्याय म्हणजे खाली दुसरी टाकी ठेवून केलेला सम्प. त्यात रिंगांना जागा भरपूर मिळते. वीज गेल्यावर वरचे थोडे पाणी खाली उतरते, तेवढी जागा खाली रिकामी ठेवावी. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत बारीक भोक ठेवावे, नाहीतर सायफनने पाणी उतरत राहते आणि जमिनीवर येते. बंद डब्याचा कॅनिस्टरही चालतो. पण वीज बराच वेळ गेली तर त्यातील जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात. अशा वेळी तो उघडून रिंगा धुऊन मगच चालू करावा. बॅटरीवरचा एअरपंप घरात असावाच.

शेवटी एक गोष्ट. कितीही भारी फिल्टर घ्या, नायट्रेट साचतच राहते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन काढून घालावे. टाकी लहान घेतली तर चालेल, मग मासाही लहान जातीचा घ्यावा. मुका जीव तक्रार करत नाही, म्हणून त्याचा हिशेब आपणच चोख ठेवायचा असतो.