राग येणारी आई वाईट आई नसते



द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठकडची आदिवासी कुटुंबे वणी-दिंडोरी भागात मजुरीला येतात. ज्या घरात मूल दिव्यांग आहे, तेथे आईला रोज सकाळी एकच प्रश्न असतो: याला कोणापाशी ठेवू? घरी थांबले तर मजुरी बुडते. सोबत नेले तर बागेत लक्ष कोण ठेवणार? दिवसभर ताणलेले मन संध्याकाळी मुलावर ओरडते, कधी हातही उठतो. मग रात्री रडू येते.

या रडण्यात दुःख असते, इतरांची मुले शाळेत जाताना पाहून वाटलेला हेवा असतो, ‘माझ्यानंतर याचे कोण?’ ही भीती असते. सर्वांत जड असतो तो अपराधीपणा. ‘ग्रहणात बाहेर पडलीस’, ‘मागचे पाप भोवले’ असे लोक बोलतात आणि आईला ते खरे वाटू लागते. पण डाउन सिंड्रोम असलेल्या मुलात जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असते. त्यात आईचा काय दोष? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारले, तेव्हा प्रभूने त्याच्या पापाचे कारण नाकारले आणि आईवडिलांच्या पापाचेही (योहान ९).

राग अनावर झाला की मुलाला सुरक्षित बसवून दोन मिनिटे दाराशी यावे, पाणी प्यावे, श्वास संथ होऊ द्यावा. ‘मी थकले आहे’ हे विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगावे. वडीलही आतल्या आत कुढतात. त्यांनाही बोलते करावे. जगणेच नको वाटू लागले, तर शासनाच्या टेलिमानसला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते.

नाशिकच्या रजनीताई लिमये यांचा मुलगा बौद्धिक अक्षम होता. १९७७ मध्ये त्यांनी अशा मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली. घरातला प्रश्न त्यांनी घरात कोंडून ठेवला नाही.

आपणही हातभार लावू शकतो. ‘देवाने तुलाच निवडले’ असे सांगून निघून येऊ नका. आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसा, म्हणजे आईला बाजारहाट करता येईल, निवांत झोपता येईल. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुटुंबासोबत जिल्हा रुग्णालयात जा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. त्याचा अर्ज भरून द्या.

प्रार्थना अवश्य करा. पण त्या घरी जाऊन करा.