पत्त्यावर कोणी आहे का?

दिल्लीहून दौलताबाद म्हणजे चाळीस दिवसांची वाट. सुलतान मुहम्मद बिन तुघलक इथे मुक्कामाला असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा टपालाच्या जासूदांकरवी येई, असं प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात लिहून गेला. हे जासूद मैलाला तीन ठिकाणी बसलेले असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरं लावलेली काठी. घुंगरं ऐकू आली की पुढच्या टप्प्यावरचा गडी तयार.

संगणकाच्या सिरियल पोर्टवर हे घुंगराचं काम ‘स्टार्ट बिट’ करतो. एकाच तारेवरून बिट एकामागोमाग येतात, सोबत ठेका धरणारी वेगळी तार नसते. रिकामी तार ‘एक’वर असते, ती ‘शून्य’वर आली की अक्षर निघालं, हे पलीकडच्या चिपला कळतं. पुढचे बिट किती वेगाने वाचायचे, हे मात्र दोघांत आधीच ठरलेलं हवं. आणि त्याआधी, मुळात चिप जागेवर हवी!

पीसीवरचा पहिला पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर, हा १९८१च्या आयबीएम पीसीपासूनचा रिवाज. लिनक्स सुरू होताना त्यावर डोळे झाकून विसंबत नाही, आणि ते बरंच आहे. तिथल्या एका रजिस्टरमध्ये तो आधी शून्य, मग पंधरा लिहितो आणि लिहिलं तेच परत येतं का, ते वाचून पाहतो. पत्त्यावर चिपच नसेल तर बहुधा सगळे बिट ‘एक’ मिळतात. शोध तिथेच थांबतो. चिप सापडली तर तिचे बाहेर जाणारे संकेत आतल्या आत वळवून ते ठीक परततात का, हे तपासायचं. मग फिफो, म्हणजे अक्षरांची रांग, चालू करून बघायचा. झाला, तर चिप १६५५०ए, सोळा अक्षरं साठवणारी. नाही, तर जुनी, अक्षरागणिक प्रोसेसरला हाक मारणारी.

वेगाचं गणित सरळ आहे. चिपच्या घड्याळाच्या १.८४३२ मेगाहर्ट्झला १६ने भागलं की सेकंदाला १,१५,२०० बिट. त्याला १२ या भाजकाने भागलं की ९,६००. दौलताबादजवळच्या वाळूज एमआयडीसीसारख्या ठिकाणी जुन्या सीएनसी मशीनला लॅपटॉपवरून प्रोग्रॅम चढवणाऱ्याला हे आकडे नवे नाहीत. अशी बरीच मशीन सात बिट, इव्हन पॅरिटी मागतात. लॅपटॉप आठ बिट, विनापॅरिटीवर राहिला, की तार शाबूत असूनही प्रोग्रॅम चढत नाही.

पोर्ट कन्सोल म्हणून नेमला असेल तर हा भाजक बूट होतानाच लिहिला जातो, एरवी कोणी पोर्ट उघडल्यावर. कर्नेलला तर पूर्ण ड्रायव्हर येईपर्यंतही धीर नसतो. सांगून ठेवलं तर तो थेट रजिस्टरमध्ये एकेक अक्षर टाकत बोलू लागतो. स्क्रीन उजळण्याआधीच अडकलेल्या सर्व्हरचं दुखणं त्यामुळेच आजही या तारेवर वाचता येतं.