कोयता गेल्यावर गावात कोण उरतं?

धर्मापुरीचं नाव निघालं की केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर आठवतं. त्या शिल्पांवर लिहिलंही बरंच गेलंय. बीड जिल्ह्यातल्या अशा गावांत म्हाताऱ्या माणसांना हापशापर्यंत, रेशन दुकानापर्यंत नीट चालत जाता येतं का, यावर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. कारण हा विषय शहरातला, असा पक्का समज.

तो समज होण्याचं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. त्यात दिल्ली आणि उदयपूरही होतं. पण 2011 च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या सुमारे 10.4 कोटी लोकांपैकी 71 टक्के खेड्यात राहत होते.

दुसरा समज जास्त घट्ट: म्हातारी माणसं घरीच असतात, बाहेरचं पोरं-सुना बघतात. बीडमध्ये हे अर्धं वर्ष खरं नसतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, आगाऊ पैसे घेतलेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात ती मार्च-एप्रिलला. लेकरं बऱ्याचदा आजी-आजोबांकडे राहतात. मग पाणी भरणं, नातवाला दवाखान्यात नेणं, बँकेत जाणं सगळं सत्तरीतल्या आजीवर. रेशनच्या यंत्रावर घासलेला अंगठा उमटला नाही, की दुसरा हेलपाटा. म्हणजे हंगामात गावाचे रस्ते सर्वात जास्त वापरणाऱ्यांत हीच माणसं असतात.

आणि हे रस्ते कसे? वस्तीत जुन्या रस्त्यावरच नवं सिमेंट ओततात. रस्ता वीतभर वर येतो, उंबरा खाली जातो, मधे उघडी नाली. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला ती रोज ओलांडावी लागते. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक. नालीवर ढापे आणि उंबऱ्याशी एक रुंद पायरी एवढ्यानं पुष्कळ भागतं.

‘आम्ही रॅम्प बांधलाय’ हे उत्तर तर ठरलेलंच. प्रमाण 1:12 चं आहे: 45 सेंटिमीटर उंच जोत्याला 5.4 मीटर लांब उतार हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दीड-दोन मीटरची घसरगुंडी दिसते, कठडा नसलेली. तिचा उपयोग मोटारसायकल चढवायला चांगला होतो.

बाकड्यांचं तसंच. देणाऱ्याचं नाव ठळक, सावलीचा पत्ता नाही. मराठवाड्याच्या उन्हात ते सिमेंट दुपारी टेकू देत नाही. झाडाखालचा पार त्याहून बरा. पण तिथं सहसा पुरुषच बसतात, हे आखणी करताना कोणी लक्षात घेत नाही.

26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली. योजना चांगलीच. मात्र गाडीची पहिली पायरी गुडघ्याला जड जाते. थांब्याशी उंच ओटा नसेल तर कोणीतरी हात द्यावाच लागतो.

राहता राहिला पैसा. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधून दिला. उरलेला 40 टक्के स्थानिक गरजेसाठी मोकळा ठेवला. ढापे, कठडे, थांब्याचा ओटा यांना मोठा प्रकल्प लागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. 26 जानेवारीची ग्रामसभा तर ऐन हंगामात येते. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी संख्या पुरते, आणि तेव्हा गावात असतात ती मुख्यतः हीच मंडळी.