शस्त्रापूर्वीची पाहणी : गुदाशयाचा कर्करोग व प्रतिमांकनाच्या पद्धती

मोठ्या आतड्याचा अखेरचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. तो कटीराच्या हाडांच्या अरुंद कोंदणात बसलेला असतो. अशा जागी कर्करोगाची गाठ उद्भवली म्हणजे शस्त्रवैद्याला हात फिरवावयासही फारशी जागा उरत नाही. म्हणून शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, जवळच्या लसीका ग्रंथींत रोग शिरला आहे काय, आणि यकृत वा फुप्फुसे यांपर्यंत तो पोहोचला आहे काय. गाठ उथळ असल्यास थेट शस्त्रक्रिया करता येते. खोल असल्यास आधी किरणोपचार व औषधे द्यावी लागतात. हा अंदाज चुकला तर एका रोग्याला अनावश्यक किरण सोसावे लागतात, तर दुसऱ्याच्या शरीरात रोगाचा अंश मागे राहून जातो.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली या रोगाच्या अवस्था ठरविल्या. परंतु त्या कापून काढलेल्या आतड्याच्या तपासणीवरून. म्हणजे अवस्था कळेपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेलेली असे.

श्राव्यातीत ध्वनीच्या पद्धतीत एक बारीक नळी गुदद्वारातून आत सरकवितात. ध्वनिलहरी भिंतीच्या थरांवरून परततात आणि पडद्यावर आळीपाळीने उजळ व काळी अशी पाच वलये उमटतात. गाठ आतल्या थरांतच आहे की स्नायूत शिरली आहे, हे ओळखण्यात ही पद्धत फार तरबेज आहे. मात्र थोड्या अंतरापलीकडे ध्वनी क्षीण होतो. शिवाय गाठीने मार्ग अरुंद केला असेल तर नळी पुढे जातच नाही, आणि सारे पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते.

सी.टी. चित्रणाने क्ष-किरणांच्या साहाय्याने छाती व पोट यांचे छेद काही मिनिटांत पाहता येतात. दूरवर पसरलेला रोग शोधण्यास ते योग्यच. पण गुदाशयाचे थर त्यात वेगळे दिसत नाहीत.

राहिले चुंबकीय अनुस्पंदन, अर्थात एम.आर.आय. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाणी व मेद यांमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, त्यावरून हे चित्र तयार होते. या तत्त्वाशी बंगळूरचा जुना संबंध आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन् यांनी वाहत्या द्रवांतील अणुकेंद्रीय अनुस्पंदनाचा अभ्यास १९५१ सालीच प्रसिद्ध केला होता. पॉल लाउटरबर यांनी त्यापासून चित्र काढण्याची रीत १९७३ मध्ये मांडली. बंगळूरची किदवई स्मारक कर्करोग संस्थाही, योगायोगाने, त्याच वर्षीची.

एम.आर.आय.चे महत्त्व कळण्यास गुदाशयाभोवतीचे मेदाचे आवरण ध्यानात घ्यावे लागते. त्याच्या बाहेर एक पातळ पटल असते. हे पटल न फाडता संपूर्ण आवरणासह गुदाशय काढावा, असे इंग्लंडचे शस्त्रवैद्य हील्ड यांनी १९८२ साली प्रतिपादिले. छेदाच्या कडेशी रोग उरल्यास तो त्याच जागी उलटतो, हे क्वर्क यांनी १९८६ मध्ये दाखविले. उजळ मेदाच्या कडेने धावणारी ही पटलाची काळी रेषा एम.आर.आय.मध्ये स्पष्ट दिसते. गाठ तिच्यापासून एक मिलिमीटरच्या आत आली म्हणजे धोका मानतात. युरोपातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या ‘मर्क्युरी’ अभ्यासात (२००६) ४०८ रोगी होते. त्यांपैकी ३५४ जणांची कड रोगमुक्त निघाली, आणि त्यांतील ३२७ जणांबाबत एम.आर.आय.ने ते आधीच सांगितले होते.

लसीका ग्रंथींपुढे मात्र तिन्ही पद्धती अडखळतात. मोठी ग्रंथी केवळ सुजलेली असू शकते, तर लहानशीत रोग दडलेला असतो; म्हणून आकारापेक्षा तिची वेडीवाकडी कड व आतील असमान छटा अधिक विश्वसनीय. किरणोपचारानंतर तर गाठ व तिच्या जागी आलेला व्रण यांत भेद करणे अवघड होते. म्हणून गाठ नाहीशी झाल्यासारखी वाटली तरी बोटाने तपासणी, दुर्बिणीने पाहणी आणि पुन्हा एम.आर.आय. असे तिन्ही करून मगच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात.