शाई आहे, कागद आहे, पण छपाई नाही!

परीक्षेची सकाळ. प्रश्नपत्रिका छापायच्या आहेत. प्रिंटरमध्ये शाई आहे, कागद आहे. कालपर्यंत यंत्र सुरळीत चालत होते. आज संगणक त्याच्याशी बोलायलाच तयार नाही. बिघाड कोठे असेल बरे?

प्रश्नपत्रिका वाटेत कोणी वाचू नये म्हणून ती सांकेतिक रूपात जाते. त्याआधी संगणक प्रिंटरचे 'प्रमाणपत्र' तपासतो. त्यावर प्रिंटरचे नाव, त्याची जाहीर किल्ली आणि दोन तारखा असतात. दुसरी तारीख उलटली की ओळख अमान्य! मुदत संपलेला एस.टी.चा पास कंडक्टर तरी कसा चालवून घेईल?

पुष्कळ प्रिंटर हे प्रमाणपत्र स्वतःच तयार करतात, तेही काही वर्षांसाठी. म्हणून ते कोणाच्या ध्यानातच राहत नाही.

प्रथम संगणकाची तारीख पाहा. ताडणी तिच्याशीच होते. मग प्रिंटरचे घड्याळ पाहा. ते 2000 सालात अडकले असेल, तर नवे प्रमाणपत्रही जन्मतःच शिळे निघायचे! घड्याळ लावा, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून सुरक्षेच्या पानावर नवे प्रमाणपत्र तयार करा. तरीही संगणक अडून बसला, तर त्याला जुनेच आठवत असेल. त्याच्या यादीतून प्रिंटर काढा आणि पुन्हा जोडा.